अनुभव धागा : पटावरचा खून, पडद्यावरचा खून

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून क्लूडोचा (खून कुणी, कशाने, कुठल्या खोलीत केला ते पत्त्यांवरून ओळखायचा पटावरचा खेळ) जुना डबा निघाला. पत्ते २१ चे २१ शाबूत, हत्यारांतला पाना मात्र बेपत्ता. तो माझ्या लहानपणीच हरवला होता. लोकमान्यनगरच्या घरी त्याच्या जागी आजोबांचा पितळी अडकित्ता ठेवायचो, त्यामुळे आमच्याकडचे कित्येक खून अडकित्त्याने झालेत. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मावशी, फोनवर आहे की हा गेम. तिथे पाना हरवत नाही."

खेळले. तीन डाव जिंकलेही. पण दाखवलेल्या पत्त्याची खूण फोन स्वतःच करतो! कागदावर हात आडवा धरणं नाही, "तू माझ्यात डोकावलास" हे भांडण नाही. मग मी केलं काय?

इंदूरकरांनो (बाहेर गेलेल्यांनीही), कॉम्प्युटरवर किंवा फोनवर हा खेळ खेळला असाल तर लिहा. मोठं लिहा, घाई नाही.

रामबागेतला धाकटा

आमच्याकडे १९९८ ची विंडोजवाली आवृत्ती होती. दादाने कुणाकडून तरी सीडी आणली होती. तिरक्या कोनातून, वरून दिसणारा बंगला, खोल्याखोल्यांतून चालणारी माणसं. आम्ही पाहतच राहिलो. एकाच कॉम्प्युटरवर चौघं खेळायचो, म्हणजे ज्याची पाळी तो खुर्चीत आणि बाकीचे तिघं भिंतीकडे तोंड करून उभे. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

आजी मागे दिवाणावर वाती वळत बसायची. तिने सगळ्यांचं बारसं करून टाकलं होतं. कर्नल मस्टर्ड म्हणजे मोहरीकाका, मिसेस पीकॉक मोरबाई, प्रोफेसर प्लम आलुबुखारे मास्तर. ती खेळायची नाही, पण मध्येच म्हणायची, "मोहरीकाकाला सोडा रे, बिचारा निर्दोष आहे." आणि तो निर्दोषच निघायचा. दोन महिने आम्ही समजत होतो की म्हातारीला माणसं कळतात.

मग एकदा माझी पाळी नसताना मी तिच्याशेजारी टेकलो. समोर शोकेस. शोकेसच्या काचेत अख्खा मॉनिटर! अक्षरं उलटी दिसायची, पण आजीला इंग्रजी सुलटंही येत नव्हतं. तिचं चित्रांवर भागायचं.

मी कुणाला सांगितलं नाही. पुढचे सहा डाव मीच जिंकलो.

कोडवाला

मला उलट कॉम्प्युटरनेच हा खेळ शिकवला. लहानपणी आम्ही नुसते अंदाज मारायचो. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या, म्हणजे ३२४ शक्यता. हातात एक माणूस, एक हत्यार आणि एक खोली आली की ५ गुणिले ५ गुणिले ८, उरल्या २००. इथपर्यंत कुणीही येतं.

खरी गंमत दुसऱ्यांच्या सवाल-जवाबात आहे. समजा ताईने विचारलं, "प्लम, दोर, लायब्ररी?" आणि दादाने तिला गुपचूप त्या तिघांतला एक पत्ता दाखवला. कुठला ते मला दिसलं नाही. पण प्लम आणि दोर दादाकडे नाहीत हे मला पुढे कधीतरी कळलं, तर त्या वेळचा पत्ता लायब्ररीच होता! माणूस तोवर ते विसरलेला असतो. कॉम्प्युटर विसरत नाही. एखाद्याकडे 'पत्ता नाही' म्हणजे तीन गोष्टी एकदम कळल्या, हेही तो टिपून ठेवतो.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी हाच प्रोजेक्ट केला. तोंडी परीक्षेला आलेले सर म्हणाले, "गेम कशाला? सगळे लायब्ररी मॅनेजमेंट करतात, ते का नाही केलं?" मी म्हटलं, "सर, यातही लायब्ररी आहे." मार्क काय मिळाले ते विचारू नका, भिया.

गराडूप्रेमी

माझा अनुभव एका ओळीचा. फासा पडून पडद्यावरची बाई दिवाणखान्यात पोचेपर्यंत गराडू तळून, मसाला भुरभुरून, खाऊन होतात.

सुदामानगरची आई

२०२० च्या टाळेबंदीत लेक टोरँटोत, आम्ही दोघं इथे. तिने फोनवर हा खेळ घ्यायला लावला. इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे दुपारचे बारा. पहिल्याच दिवशी वाद. मी मिसेस व्हाइटला शोधतेय, तर ती २०१६ पासून खेळातून गेली म्हणे, तिच्या जागी डॉक्टर ऑर्किड. माझ्यासाठी रेव्हरंड ग्रीन पाद्री, तर लेक तिकडच्या मैत्रिणींकडे 'क्लू' (याच खेळाचं तिकडचं नाव) खेळते, तिथे तो नुसता मिस्टर. खून झालेला माणूसही वेगळा : आपल्याकडे डॉक्टर ब्लॅक, अमेरिकेत मिस्टर बॉडी.

चेहरे दिसेनात म्हणून दुसऱ्या फोनवर व्हिडिओ लावायचो. लेक खोटं विचारते तेव्हा, म्हणजे स्वतःकडचेच पत्ते विचारून आम्हाला चकवते तेव्हा, नाकाला हात लावते. लहानपणापासून. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही (ती हा धागा वाचत नसेल अशी आशा). बाबा मात्र रोज स्वयंपाकघरातल्या चोरवाटेने अभ्यासिकेत जायचे आणि तिथेच बसायचे. खऱ्या घरातही तसंच.

धागाकर्ती

आजींना नमस्कार! यावरून आठवलं, हा खेळ बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी युद्धकाळात रचला. १९४४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पट त्यांच्या पत्नीने, एल्व्हाने काढला, आणि युद्धानंतरच्या टंचाईमुळे खेळ दुकानात यायला १९४९ उजाडलं. तेव्हा सगळेच एका टेबलाभोवती असणार, शोकेस असो-नसो.

रामबागेतला धाकटा

ताई, अडकित्त्यावरून सांगतो. आमच्या जुन्या पटातला दोर हरवला होता, तिथे आजीने बाबांच्या पायजम्याची नाडी कापून दिली होती. पुढे सीडीवरच्या गेममध्ये खरा दोर होता. तरी दादा आरोप करताना ठणकावून म्हणायचा, "मोरबाई, बॉलरूम, नाडी!"