मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या कॅसेटी

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचं चिरेबंदी घर आहे. चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत ऐंशीएक कॅसेटी. बहुतेक विकतच्या, नाट्यगीतं नि अभंग. पण अकरा कॅसेटींवर बाबांचं अक्षर आहे. ओलीने शाई पसरलीय, तरी 'डबलबारी, कार्तिक ८८' एवढं वाचता येतं. दोन भजनी बुवांच्या त्या सामन्यात आजोबांचा पखवाज आहे. आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळावर पांढरी बुरशी आहे, रव्यासारखी. पेन्सिल घालून एक फिरवून पाहिली, मध्येच अडकली. पुढे धीर झाला नाही.

दादा म्हणतो, "सगळां मोबाईलार गावता, मगे ह्यो कित्याक सांभाळतंस?" विकतच्या गाण्यांपुरतं त्याचं थोडं खरं आहे. पण महिन्याचे पैसे भरून ज्या अ‍ॅपवर मी ऐकते, तिथून माझं रोजचं एक नाट्यपद एका सकाळी गायब झालं. भाड्याचं ते भाड्याचंच. म्हणून आता जे हवं ते स्वतःजवळ असावं असं वाटतं. सीडीचाही भरवसा नाही; घरी बर्न केलेल्या माझ्या जुन्या सीडींचा वरचा थर इथल्या हवेत सोलून निघाला.

बुरशी काढायची कशी? टेप डेक आहे, लावून पाहू का? आणि उतरवून कशात ठेवू?

प्रतिसाद

ताई, डेकमध्ये अजिबात लावू नका! बुरशी हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला लागेल, तिथून चांगल्या कॅसेटींनाही. चिकटलेली टेप ओढली तर तुटते. त्या अकरा आधी वेगळ्या काढा, हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल भरपूर घालून काही दिवस सुकवा. उन्हात नको, टेप वाकडी होते. बुरशी पूर्ण सुकली की तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. स्क्रूचं कव्हर असेल तर रिळं नव्या कव्हरात घालता येतात, पण अडकलेल्या कॅसेटीवर हात बसवू नका. आधी एखाद्या विकतच्या खराब कॅसेटीवर सराव करा.

वाजवण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डेकची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. ते फुकट आहे. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्येच ठेवा, त्यांत आवाजातलं काही गळत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने वेव्हमध्ये साधारण ९५० एमबी होते, फ्लॅकमध्ये बरीच कमी. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवायला ठीक, पण त्यात गेलेला आवाज परत येत नाही. दोन हार्ड डिस्कवर प्रती करा, त्यातली एक कोकणाबाहेर कुणाकडे तरी ठेवा.

आणि उतरवून झाल्यावरही त्या अकरा टाकू नका. पहिल्या खेपेला हेड नीट जुळलं नसेल तर आवाज दबका येतो, मग पुन्हा उतरवायला मूळ कॅसेटच लागते.