डब्याच्या पिशवीवर सी हॉक छापलं तर अपमान कसला?

शिवडीकर (धागालेखक)
"ज्या विमानांत आपली माणसं गेली, ती मोबाइल कव्हरवर आणि डब्याच्या पिशवीवर छापून विकणं हा निर्लज्ज बाजार आहे. विमानाची जागा संग्रहालयात." निलांबरी यांची ही कालची पोस्ट. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

कुठलं संग्रहालय? मुंबईत होतं एक, पाण्यावर तरंगणारं. जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक या नौदलाच्या जेट लढाऊ विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. २०१४ साली तीच विक्रांत आपण दारूखान्यात, जहाजं भंगारात काढतात तिथे, तोडायला दिली. आज सी हॉक बघायचं तर गोव्याला, दाबोळीला जा. माझ्या पिशवीवर सी हॉक आहे. हार्बर लोकलच्या गर्दीत एका मुलाने विचारलं, "काका, हे कुठलं विमान?" वाशी येईपर्यंत त्याला विक्रांतच सांगत होतो. चित्र अचूक असावं, खाली विमानाचं नाव आणि स्क्वाड्रन, म्हणजे त्याची तुकडी, असावं. मग ते पिशवीवर का असेना!

निलांबरी
तुम्ही सांगितलंत, सगळे सांगतात का? माझे सासरे वायुसेनेत फिटर होते, नॅट या छोट्या लढाऊ विमानावर. ज्या वैमानिकाचे पट्टे त्यांनी स्वतः आवळले, तो मुलगा परत आला नाही. गेल्या दिवाळीत एका प्रदर्शनात नॅटचं चित्र असलेलं पायपुसणं विकायला होतं. पायपुसणं! सासरे तिथे काही बोलले नाहीत, घरी येऊन जेवले नाहीत. वायुसेनेचे वैमानिक निर्मलजितसिंग सेखोंना परमवीर चक्र मिळालं ते नॅटमधून लढताना, १४ डिसेंबर १९७१ ला, श्रीनगरवर. त्यावर चपला पुसायच्या?

परळचा प्रिंटवाला
ताई, पायपुसणं मी दुप्पट पैसे दिले तरी छापणार नाही. पण छपाईला सरसकट नावं ठेवू नका. सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने कापडात उतरवायची शाई दोनशे अंशांच्या आसपास तापली की वायू होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते, म्हणून रंग धुण्यात जात नाही. सुती पिशवीवर हे चालत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगून घसा बसला. वर चित्र आणतात व्हॉट्सॲपवरून आलेलं, मोठं केलं की सगळे चौकोन दिसतात. परवा एकाने एआयकडून काढलेलं नॅट आणलं, नाकावर पंखा! जेट विमान आहे ते. मी परत पाठवलं, तर शेजारच्या गाळ्यात छापून घेतलं.

आकाशरेघ
हेच माझं दुखणं आहे. मी ही चित्रं काढते, एकेका विमानाच्या रिव्हेटच्या ओळी जुने फोटो बघून बसवते. सी हॉकचा धूर शेपटीतून निघत नाही, पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी निघतो. हे न बघता लोक शेपटीला भोक पाडतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर असलेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या गोल चिन्हात लाल ठिपका रंगवतात. जपानी विमानाशी गल्लत होऊ नये म्हणून तो ठिपका १९४२ पासून तिकडे काढूनच टाकला होता. आणि सगळ्यांना स्पिटफायरच हवं! वरळीला नेहरू विज्ञान केंद्रात मरुत उभं आहे, भारतात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान, १९६१ साली उडालेलं. त्याचं चित्र मागणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझगावचा बाळ्या
विक्रांतचा विषय निघाला म्हणून. सुमारे साठ कोटींना भंगारात गेली. एवढ्या पैशात या शहरात काय होतं? निवडणुकीत तिच्यावर भाषणं ठोकणारे तोडायच्या वेळी कुठे होते?

हिशेबनीस
भाषणं सोडा. सांगाडा गंजला होता, २०१२ मध्येच धोका म्हणून लोकांना बंद केली होती. डागडुजीचा खर्च कोण देणार होतं, तुम्ही? कितीदा बघायला गेला होतात?

माझगावचा बाळ्या
शाळेच्या सहलीत गेलो होतो, आणि नंतर मुलाला घेऊनही. अरुंद जिन्यावर त्याचं डोकं आपटलं, तरी उतरायला तयार नव्हता. तुम्ही खर्चाचे आकडे मांडत बसा.

हिशेबनीस
आवाज चढवून जहाज तरंगत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तोडायला हरकत घेतली नव्हती.

शिवडीकर
बाळ्या, हिशेबनीस, दोघेही जरा दम खा. २०१६ ला बजाजची 'व्ही' ही मोटरसायकल आली, विक्रांतचं पोलाद वापरलेली. माझ्या मावसभावाने कर्ज काढून घेतली. अजून टाकीवरून रोज हात फिरवून फडकं मारतो. तोही बाजारच होता. निलांबरी, त्याला निर्लज्ज म्हणाल?

निलांबरी
नाही म्हणणार. पण तो फडकं मारतो, पाय पुसत नाही. आणि मला मुद्द्यावरून हलवू नका. तुमचं सी हॉक, आकाशरेघचं मरुत, ठीक. पण बी-२९ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान छापलेले कप विकतात, त्याचं काय? हिरोशिमावर बॉम्ब टाकला तो बी-२९ मधूनच. त्यात चहा प्यायचा?

आकाशरेघ
बी-२९ ची ऑर्डर मी नाकारली आहे. दुसरा कुणीतरी घेईल, माहीत आहे. तरी नाकारली.

परळचा प्रिंटवाला
मी घेतली असती. घरभाडं भरायचं असतं. आधीच सांगून टाकतो, मागाहून तोंडावर फेकू नका.

निलांबरी
निदान तुम्ही खरं बोललात. बरं, शिवडीकर, एवढं मान्य करते: नाव आणि स्क्वाड्रन छापलं असेल, तर पिशवी चालेल. जमिनीवर टाकायची, पाय लागायची कुठलीही वस्तू चालणार नाही. त्यात उशी आली, गादीची चादर आली. वाद घालू नका.

शिवडीकर
चादरीचं पटलं. उशीचं नाही. सोफ्यावर टेकायच्या उशीला पाय कुणाचा लागतो?

निलांबरी
तुमच्या घरात लहान मूल नाही वाटतं.

माझगावचा बाळ्या
आकाशरेघ, मरुतची पिशवी मला हवी. पोरगा आता कॉलेजात आहे, वरळीवरूनच जातो. शेपटीवर नंबर मात्र वरळीच्याच विमानाचा टाका, मी फोटो काढून आणतो.