मदत हवी आहे: ऑक्सिजन घटला की जीवाणू वेगळी जनुकं चालू करतात, हे साध्या लॅबमध्ये दाखवायचं कसं?

राम राम मंडळी. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज अमळनेरकडचं. फुप्फुसातले जीवाणू कमी ऑक्सिजनला कसे जुळवून घेतात, यावर प्रोजेक्ट घेतलाय.

वाचून झालंय ते असं. क्षयाच्या जंतूत डॉसएस आणि डॉसटी ही दोन हीमवाली (लोह असलेला घटक धरणारी) प्रथिनं ऑक्सिजनचा अंदाज घेतात. तो घटला की ती डॉसआर या नियामक प्रथिनाला जागं करतात आणि पन्नासेक जनुकं चालू होतात. जंतू वाढ थांबवून तग धरून राहतो. वेन या संशोधकाच्या पद्धतीत हे बंद नळीत हळूहळू घडवतात: 25.5 मिलिलिटरच्या नळीत 17 मिलिलिटर माध्यम, मंद ढवळणं, आणि ऑक्सिजन संपल्याची खूण म्हणून मिथिलीन ब्लूचा उडालेला रंग.

पण टीबीच्या जंतूला आम्ही हात लावू शकत नाही, त्याला बीएसएल-3 म्हणजे धोकादायक जंतूंसाठीची खास सुरक्षित लॅब लागते. जनुक चालू आहे का ते मोजणारं आरटी-पीसीआर नाही, ऑक्सिजनविरहित अनएरोबिक चेंबर नाही. सर म्हणतात, कँडल जारमध्ये, म्हणजे पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावलेल्या बरणीत कर. मला ते पटत नाहीये, पण सरांना सांगू कसं? शिवाय इथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि आमच्या इन्क्युबेटरला थंड करायची सोयच नाही. काही सुचवाल का?

तापीकाठचा: भो, कँडल जारचं तुझं बरोबर आहे. मेणबत्ती विझते तेव्हाही बरणीत बराच ऑक्सिजन उरतो, वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. सरांना बरणीत मिथिलीन ब्लूची पट्टी ठेवून दाखव, ती निळीच राहील. वाद घालायची गरज नाही.

जुनी_लॅबवाली: टीबीचा हट्ट सोड बाळा. ई. कोलाय के-12 हा लॅबमधला साधा जीवाणू घे. त्यात एफएनआर नावाचं नियामक प्रथिन आहे. त्यातला लोह-गंधकाचा गुच्छ ऑक्सिजन लागला की मोडतो, एफएनआरची जोडी सुटते आणि डीएनएवरची पकड जाते. हवा नसेल तर गुच्छ शाबूत, आणि नायट्रेट रिडक्टेजची (नायट्रेटचं नायट्राइट करणाऱ्या एन्झाइमची) जनुकं चालू. फुप्फुसात सापडणाऱ्या स्युडोमोनास जीवाणूतलं एएनआर हे प्रथिन याच घराण्यातलं, त्यामुळे फुप्फुसाचा धागा सुटत नाही.

आता प्रयोग. जोरात हलवून हवेशीर वाढवलेलं दाट कल्चर घे, ग्लुकोज आणि नायट्रेट घालून दोन नळ्या काठोकाठ भर, वर लिक्विड पॅराफिन. एकीत क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक, म्हणजे नवीन प्रथिन बनणार नाही. दोन्हींच्या जोडीला मिथिलीन ब्लूची एकेक नळी ठेव. रंग दोन्हीकडे उडाला, पण नायट्राइटच्या चाचणीतली लाल छटा औषध नसलेल्या नळीतच वाढत गेली, तर एन्झाइम आधीपासून तयार नव्हतं, हवा संपल्यावर बनलं, हे दिसलं. औषधाच्या नळीत किंचित लाली येईल, कारण काही रिडक्टेज हवेतही थोडं असतं. घाबरू नकोस.

जनुकाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून पाहायच्या नादी मात्र लागू नकोस. त्या प्रथिनाला चमकण्याजोगं तयार व्हायलाच ऑक्सिजन लागतो. जनुक चालू असूनही नळी अंधारीच दिसायची.

आणि मे विसर. 45 अंशांत उष्णतेने चालू होणारी जनुकं मध्ये घुसतील, मग काय कशामुळे झालं ते कळणार नाही. दिवाळीनंतर लाव.

तापीकाठचा: ताई, एक शंका. यातून नवीन प्रथिन लागतं एवढंच ठरतं ना? जनुक चालू झालं की नाही, ते वेगळं.

जुनी_लॅबवाली: हो दादा, खरं आहे. तिसऱ्या नळीत रिफाम्पिसिन घालावं, ते आरएनए बनणंच थांबवतं. ई. कोलायला डोस जास्त लागतो. आणि ते स्वतःच नारिंगी-लाल, म्हणून औषध घातलेलं पण नायट्रेट नसलेलं ब्लँक ठेवल्याशिवाय रंग मोजू नये.

धागाकर्ता: ताई, दादा, खूप आभार. पट्टीची युक्ती उद्याच करतो. कलरीमीटर आहे आमच्याकडे. के-12 पुण्याच्या एनसीआयएम या जीवाणू-संग्रहातून मागवू की चंदीगडच्या एमटीसीसी या संग्रहातून? विद्यार्थ्याच्या नावावर देतात, का विभागप्रमुखांचं पत्र लागतं?