जुनी टर्बो पोलो आणि ई20: मिक्श्चर वाढवू का? सल्ला हवा

घाटवळण (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. माझी 2016 ची पोलो जीटी टीएसआय आहे, 1.2 लिटर टर्बो. 2019 मध्ये स्टेज 1 रिमॅप केलं, म्हणजे ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदललं; ते 97 ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलं होतं. आता टाकीत ई20च (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) जातं. ॲव्हरेज उतरलंय, सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी अडखळते, आणि आंबा घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय दिला की पूर्वीसारखी ओढत नाही.

गेल्या महिन्यात वाइडबँड मीटर बसवला, तो एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचा रेशो दाखवतो. आयडलला 14.7 दाखवतो, पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबाला) 12.0. ट्यूनर म्हणतो, "ई20 चा रेशो 13.5 असतो, तुझा 14.7 आहे, म्हणजे इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चाललंय. सगळीकडे 8 टक्के पेट्रोल वाढवू." वडिलांनी हौसेनं घेतलेली गाडी आहे, इंजिनाशी खेळ नको. वाढवू का? की सरळ 100 ऑक्टेन भरत राहू?

लॅम्डा_पुणे
थांबा, अजिबात वाढवू नका. मी रोज इंजिन कॅलिब्रेशनच करतो, आणि हा घोळ फार जणांचा होतो.

तुमच्या मीटरचा सेन्सर हवा आणि इंधनाचं वजन मोजत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरलाय की इंधन जास्त झालंय, एवढंच त्याला कळतं. त्यावरून लॅम्डा निघतो, म्हणजे मिळालेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा. मीटर त्या लॅम्डाला 14.7 ने गुणून आकडा दाखवतो, टाकीत काहीही असो. एक भाग शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने 14.7 भाग हवा लागते, ई10 ला साधारण 14.1, ई20 ला 13.5, ई85 ला 9.8. पण लॅम्डा 1 सगळ्यांना सारखाच. आयडलला 14.7 दिसतंय म्हणजे लॅम्डा 1, गाडी अगदी बरोबर चालतेय. पूर्ण बूस्टवरचं 12.0 म्हणजे लॅम्डा 0.82. ई20 मध्ये तो खरा रेशो 11.0 च्या आसपास झाला. टर्बो पेट्रोलला ही चांगली जागा आहे.

आता 8 टक्के वाढवून लक्ष्यच 0.76 वर नेलंत, तर ताकद उलट कमी होईल, प्लग काळे पडतील आणि डायरेक्ट इंजेक्शनमुळे सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल ऑइलमध्ये उतरेल. मीटर लगेच लॅम्डावर टाका, म्हणजे कोणाचं कोष्टक बघायची वेळच येणार नाही.

मला हे कळवा: लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून इंधनात करतो ती टक्क्यातली कायमची दुरुस्ती) किती, पूर्ण बूस्टवर ईसीयू मागतो तो लॅम्डा आणि मिळतो तो लॅम्डा, रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब), आणि प्रत्येक सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (स्पार्क किती अंश उशिरा पडतो).

पाना_सातारा
लॅम्डासाहेबांशी सहमत. लॉग (ईसीयूच्या आकड्यांची नोंद) घ्यायच्या आधी प्लग काढून बघा राव. ट्यून केलेल्या गाडीत गॅप वाढलेला असला की बूस्टवर स्पार्क विझतो. ते मिसफायर मीटरवर लीन दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. मग माणूस पेट्रोल वाढवत बसतो आणि दुखणं तिथंच राहतं. गॅरेजमध्ये अशा दोन गाड्या आल्या होत्या, दोन्ही नव्या प्लगवर सरळ झाल्या.

मिशिगनकर
इकडे टर्बो हॅचबॅकवर ई30 मिश्रण चालवतो, म्हणून लिहितोय. आमच्या पंपावर ई85 ची पाटी असली तरी आत इथेनॉल 51 ते 83 टक्क्यांच्या दरम्यान कितीही असू शकतं, थंडीत कमी. त्यामुळे पाटीवर विश्वास न ठेवता मोजायची सवय लागली. 100 मिलीची मोजनळी घ्या, 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल. हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरतं. खालचा थर 28 मिली झाला, तर 90 मध्ये 18, म्हणजे 20 टक्के. उघड्यावर करा, आसपास ज्योत नको. 100 ऑक्टेनचीही हीच परीक्षा घ्या. महाग म्हणजे इथेनॉलविरहित, असं गृहीत धरू नका.

आणि इथेनॉलला घाबरू नका. ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनचं 1.0 टीएसआय फ्लेक्स इंजिन पेट्रोलवर 116 आणि इथेनॉलवर 128 अश्वशक्ती देतं. इथेनॉल बाष्प होताना भरपूर उष्णता शोषतं, चार्ज (सिलिंडरमधलं हवा-इंधन मिश्रण) थंड होतो, नॉक (मिश्रण आपोआप, अवेळी पेटणं) मागे सरकतो. अट एकच, ट्यून त्या इंधनासाठी केलेलं हवं.

घाटवळण (कोल्हापूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. नवे प्लग टाकले. मोजनळीत नेहमीच्या पंपाचा खालचा थर 27 च्या थोडा वर आला. लॉग: ट्रिम +9, मागितलेला आणि मिळालेला लॅम्डा दोन्ही 0.82, रेल प्रेशर कुठेही पडत नाही. पण 4,000 आरपीएमच्या पुढे तिसऱ्या सिलिंडरला 5 ते 6 अंश रिटार्ड, बाकीच्यांना 3.

लॅम्डा_पुणे
मग उत्तर सापडलं. मिक्श्चर निर्दोष आहे, टायमिंग जास्त आहे. मॅप 97 साठी बनवला, ई20 चं मानक 95 ऑक्टेन. ईसीयू नॉक ऐकून टायमिंग मागे ओढतो, तिथेच ताकद जाते. ट्यूनरला सांगा: 3,500 च्या वर टायमिंग 3 अंश कमी, बूस्ट थोडा उतरवा, लॅम्डाच्या लक्ष्याला हात नको.

ट्यूनरचं एक म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. ईसीयूच्या मूळ हिशोबातला स्थिरांक ई20 प्रमाणे बदलला, तर +9 ट्रिम शून्याजवळ येईल. ते करून घ्या. लक्ष्य बदलणं आणि हिशोब दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळच्या अडखळण्यासाठी फक्त कोल्ड स्टार्टचं इंधन थोडं वाढवावं लागेल, थंडीत इथेनॉल नीट बाष्प होत नाही. ॲव्हरेज पूर्ण परत येणार नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट धरली होती.

100 ऑक्टेनचा वेगळा मॅप करू नका. घाटात चुकून ई20 भरलं की तोच मॅप इंजिन खाईल. कायम मिळेल त्या वाईटात वाईट इंधनावर ट्यून करा.

घाटवळण (कोल्हापूर)
ट्यूनरला हा धागा दाखवला, त्यालाही पटलं. शनिवारी नवा मॅप, रविवारी पहाटे आंबा घाट. तिसऱ्या सिलिंडरचा लॉग इथेच टाकतो.