दिवाळीच्या सुट्टीत कॅरिबियनमध्ये स्कूबा डायव्हिंग करावे का?

प्रश्न (कोथरूड, पुणे): तारकर्लीला स्कूबाची गोडी लागल्यापासून आम्हां दोघांना कॅरिबियन खुणावत आहे. दिवाळीच्या सुमारास तेथील समुद्र कसा असतो?

उत्तर १: तेथील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर सर्वाधिक असतो, म्हणून मी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाऐवजी व्हेनेझुएलाच्या उत्तरेस, वादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला असलेले बोनेअर बेट निवडेन. तरीही प्रवासविम्यात वादळामुळे सहल रद्द होणे समाविष्ट आहे ना, हे आवर्जून तपासावे.

उत्तर २: सहमत. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तेव्हा बोनेअरच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापारी वाऱ्यांमुळे लाटा खडकांवर आदळत होत्या, पण पश्चिमेकडे, डाइव्हच्या जागा दाखवणाऱ्या पिवळ्या दगडांपाशी, पाणी अगदी संथ होते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. बोनेअरच निश्चित करतो.