मदत हवी आहे: नाटकाच्या तिकिटांवरची फी, हॉलवाले म्हणतील त्याच कंपनीकडून विकावी लागतात का?

मंडळी, इथे शोधलं पण नेमकं काही सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतेय.

आम्ही अमेरिकेत असतो. आमच्या मंडळाने यंदा भारतातून येणाऱ्या एका नाटकाचा प्रयोग घेतलाय. एरवी शाळेचं ऑडिटोरियम, गूगल फॉर्म, झेल (Zelle) अ‍ॅपने पैसे आणि दारात यादी घेऊन बसलेले आमचे एक काका, एवढ्यावर भागतं (काकांचं आजवर एक नाव चुकलेलं नाही). यंदा चांगलं थिएटर मिळालं, भाडंही परवडेल असं, सगळे खूश. मग काँट्रॅक्ट आलं आणि त्यात मधेच एक कलम की तिकीटविक्री फक्त थिएटरच्या ठरलेल्या कंपनीकडूनच, बाहेर एकही तिकीट विकायचं नाही. आमचं तिकीट 40 डॉलर, त्यावर सर्व्हिस फी 8.50, फॅसिलिटी फी 3, आणि वर प्रत्येक ऑर्डरला 4.25 वेगळे. म्हणजे चौघांच्या घराला 160 चे 210 पडणार! या वरच्या 50 मधला एक डॉलर ना नाटकवाल्यांना ना आम्हाला, आणि शिव्या मात्र आम्हीच खाणार.

हे कायदेशीर आहे का? घासाघीस होते का? आणि पोस्टरवर 40 लिहायचे की काय लिहायचं?

प्रतिसाद १
कायदेशीर आहे. एखाद्या हॉलने एकाच कंपनीशी करार करणं हा गुन्हा नाही. भानगड होते ती बहुतेक मोठे हॉल एकाच्याच खिशात गेल्यावर. कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन आणि तिकिटं विकणारी टिकेटमास्टर या कंपन्या 2010 मध्ये एक झाल्या, म्हणजे कार्यक्रम ठरवणारा, हॉल चालवणारा आणि तिकीट विकणारा एकच मालक. मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि बऱ्याच राज्यांनी मिळून त्यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. त्यात आरोप होता की मोठ्या कॉन्सर्ट हॉलच्या मूळ (पुनर्विक्री सोडून) तिकीटविक्रीतला साधारण 80 टक्के हिस्सा त्यांचाच आणि लांब मुदतीच्या एक्सक्लुझिव्ह करारांमुळे दुसरं कोणी आत शिरूच शकत नाही. रड जुनीच आहे, 1994 मध्ये पर्ल जॅम हा बँड टिकेटमास्टरच्या फीवरून न्याय विभागाकडे तक्रार घेऊन गेला होता आणि पुढच्या वर्षी त्यावरची चौकशी गुंडाळली गेली. तुमची कंपनी कुठली ते माहीत नाही पण करार त्याच साच्यातला दिसतोय.

प्रतिसाद २
मी काही वर्षं एका थिएटरच्या बॉक्स ऑफिसला काम केलंय म्हणून सांगतो, तुम्ही भांडताय चुकीच्या माणसाशी. सर्व्हिस फी सगळी तिकीट कंपनीला जाते असं लोकांना वाटतं, पण त्यातला वाटा बहुतेक वेळा थिएटरलाच परत मिळतो, कधी कधी करार करतानाच कंपनी मोठी रक्कम आगाऊ देते. म्हणून तर थिएटरवाला ती कंपनी सोडत नाही. फॅसिलिटी फी तर नावातच आहे, ती थिएटरची. तेव्हा कस्टमर केअरला फोन करत बसू नका, थिएटरच्या मॅनेजरला गाठा. तीन गोष्टी विचारा: मंडळ ना-नफा नोंदलेलं असेल तर फॅसिलिटी फी कमी करता का, खिडकीवर घेतलेल्या तिकिटाला सर्व्हिस फी लागते का (बऱ्याच ठिकाणी कमी असते किंवा नसतेच), आणि सभासदांसाठी शंभर-दोनशे तिकिटं आम्हाला छापून द्याल का. आणि हे सगळं सही करायच्या आधी हं, सही झाली की संपलं.

फी कमी होत नाही असं नाही. 2023 मध्ये द क्युअर या बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने एवढी बोंब मारली की टिकेटमास्टरने काही लोकांना तिकिटामागे 5 किंवा 10 डॉलर परत केले. अर्थात तुमच्या मंडळात रॉबर्ट स्मिथ नसणार.

धागाकर्ती
रॉबर्ट स्मिथ नाही पण काका आहेत. आज त्यांनाच बोलायला बसवलं, मी नुसती शेजारी. फॅसिलिटी फी 3 ची 1 झाली, 150 तिकिटं छापून द्यायलाही तयार आहेत पण न खपलेली आठवडाभर आधी परत करायची. खिडकीवर फी नाही, फक्त खिडकी उघडते दुपारी बारा ते चार, तेव्हा सगळे ऑफिसात.

प्रतिसाद ३
पोस्टरचं राहिलंच. 12 मे 2025 पासून एफटीसीचा (ग्राहकांचं हित बघणारी अमेरिकेची सरकारी संस्था) नियम आहे, लाइव्ह कार्यक्रमाच्या तिकिटाची किंमत दाखवताना सक्तीची सगळी फी धरूनच दाखवायची, टॅक्स वेगळा चालतो. तेव्हा ठळक 40 आणि खाली बारीक अक्षरात "फी वेगळी" असलं काही छापू नका. आधी कंपनीकडून फायनल आकडा लेखी घ्या, ती ऑर्डरमागची 4.25 कशी धरायची तेही विचारा.

धागाकर्ती
बाप रे, पोस्टर कालच व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. बदलते. त्या 150 तिकिटांवर सीट नंबर घ्यावेत की ओपन सीटिंग ठेवावं? काका ओपनला ठामपणे नको म्हणतायत.