मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात ज्येष्ठांच्या सिक्स-बेड होमची ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचंय. कोर्स कोणता, आणि आलेली ऑफर घ्यावी का?

कोथरूडची_मेट्रन

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यात एका वृद्धाश्रमात नऊ वर्षं व्यवस्थापक होते. कागदावर व्यवस्थापक, प्रत्यक्षात पहाटेच्या डायपरपासून रात्री दोनला डॉक्टरांना फोन करण्यापर्यंत सगळं. आमच्या मावश्या मला मेट्रनबाई म्हणायच्या, म्हणून हा आयडी. शिक्षण बी.एस्सी., नर्सिंग नाही. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या मागोमाग फ्रीमाँटला आले. एच-४ वर (नवऱ्यामागून मिळणारा व्हिसा) कामाची परवानगी (ईएडी) नुकतीच हातात पडलीये. आयटीतलं मला ओ की ठो कळत नाही. येतं ते हेच काम.

इथे नेहमीच्या वस्तीत, साध्या बैठ्या घरात सहा म्हातारी माणसं ठेवतात. बोर्ड अँड केअर म्हणतात त्याला. ओळखीतून अशाच एका घराच्या मालकांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, "तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट काढा, कोर्सची फी मी भरतो. रोज यायची गरज नाही. नाव तुमचं असू दे, घर मी बघतो. महिन्याला ठरलेले पैसे मिळतील."

नवरा म्हणतो संधी चालून आलीये, घेऊन टाक. माझं मन काही केल्या तयार होत नाहीये.

शिवाय कोर्सचाही घोळ आहे. मालक म्हणतात ८० तास. एका वेबसाइटवर ३५ तासांत ॲडमिनिस्ट्रेटर करून देतात. फ्लोरिडातली मावसबहीण म्हणते २६ तास पुरतात. नक्की खरं काय? माझी पुण्याची डिग्री आणि अनुभव धरतात का? जाणकारांनी कृपया सांगावं.

ऑरलँडोची_अलका

मावसबहीण खोटं बोलत नाहीये, ती तिच्या राज्याचं सांगतेय. 🙂 आमच्याकडे २६ तासांचं कोअर ट्रेनिंग आणि मग परीक्षा, त्यात ७५ टक्के लागतात. पुढे दर दोन वर्षांनी १२ तास. पण ते कॅलिफोर्नियात चालणार नाही. नर्सिंग होमला केंद्र सरकारचे नियम आहेत, असिस्टेड लिव्हिंग मात्र प्रत्येक राज्य आपापलं बघतं. तुमच्या राज्याचं तुमच्याच राज्यातल्या माणसाला विचारा. इथे एक खोड आहे, येईलच.

जुनं_खोड

आलो. 🙂

ताई, अकरा वर्षं हेच करतोय, आधी सिक्स-बेड, आता सॅक्रामेंटोकडे मोठ्या जागी. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी ते ३५ तासांचं. तो कोर्स खोटा नाही, पण वेगळ्या गृहाचा आहे. १८ ते ५९ वयाच्या अपंग किंवा मानसिक आजार असलेल्या प्रौढांच्या गृहांना इथे एआरएफ म्हणतात, ३५ तास त्याला. ६० आणि त्यापुढच्यांचं गृह म्हणजे आरसीएफई, तुम्हाला हे हवंय. दोन्हीची सर्टिफिकेटं वेगळी. माझ्या ओळखीतला एक जण पैसे भरून, कोर्स पूर्ण करून, मग डोक्याला हात लावून बसला होता.

आरसीएफईचे ८० तास. त्यातले ६० शिक्षकासमोर आणि फार तर २० स्वतःच्या सवडीने ऑनलाइन. कोर्स घेणाऱ्या संस्थेला राज्याच्या सोशल सर्व्हिसेस खात्याची मान्यता हवी. झूमवर घेणार असतील तर ते तास धरले जातात ना, हे पैसे भरायच्या आधी विचारा. नंतर परीक्षा, १०० प्रश्न, ७० टक्क्यांना पास. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांत द्यायची, त्याच मुदतीत एकूण तीनदा देता येते. पास झाल्याचं कळलं की ३० दिवसांत सर्टिफिकेटचा अर्ज. ही मुदत लोक विसरतात, तुम्ही विसरू नका. सर्टिफिकेट दोन वर्षांचं, नूतनीकरणाला ४० तासांचं शिक्षण, त्यात ८ तास डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) हवेतच.

पूर्वी हे सगळं ४० तासांत उरकायचं. २०१३ मध्ये कॅस्ट्रो व्हॅलीत राज्याने एक गृह बंद करायला लावलं. पगार थकलेले कर्मचारी निघून गेले, रहिवासी तिथेच राहिले, आणि त्यांना सांभाळायला मागे थांबले ते स्वयंपाकी आणि सफाई कामगार. दिवसरात्र दोघंच. त्याची फार बोंब झाली, २०१४ मध्ये कायद्यांची एक माळच आली, आणि १ जानेवारी २०१६ पासून तास ४० चे ८० झाले. वर्गात कंटाळा आला की त्या स्वयंपाक्याला आठवतो मी.

डिग्रीचं म्हणाल तर १५ खाटांपर्यंत २१ वर्षं पूर्ण आणि हायस्कूल पास एवढंच लागतं. १६ ते ४९ खाटांना कॉलेजची १५ युनिट्स (क्रेडिट) आणि एक वर्षाचा अनुभव, ५० आणि त्यापुढे दोन वर्षांचं कॉलेज आणि तीन वर्षांचा अनुभव. तेव्हा सिक्स-बेडला तुमची बी.एस्सी. कुणी विचारणार नाही. तरी मूल्यमापन करून ठेवा, पुढे मोठ्या ठिकाणी जायचं झालं तर लागेल. याशिवाय बोटांचे ठसे (लाइव्ह स्कॅन), टीबीची टेस्ट, एलआयसी ५०३ वर डॉक्टरची सही. ठशांची क्लिअरन्स येईपर्यंत त्या घरात कामाला पाऊल टाकायचं नाही. "दोन दिवस नुसतं बघायला या" म्हणतील, जाऊ नका. त्याला दिवसाला १०० डॉलर दंड आहे.

आता ऑफर. सर्टिफिकेट माणसाचं असतं, लायसन्स घराचं. मालकाकडे लायसन्स आहे, माणूस नाही, म्हणून तो तुमची फी भरायला निघालाय. नियमावलीत (टायटल २२, कलम ८७४०५) स्पष्ट लिहिलंय की ॲडमिनिस्ट्रेटरने घराकडे नीट लक्ष देता येईल इतके तास तिथे हजर असायला हवं. सुटीवर गेलात तर मागे कोण जबाबदार तेही लेखी नेमायचं असतं. इन्स्पेक्टर न सांगता येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "ॲडमिनिस्ट्रेटर कुठे आहेत?" काही घडलं तर मालक घर विकून मोकळा होईल, तुमचं सर्टिफिकेट जाईल. आणि तुम्हाला कामाचं परमिट नुकतंच मिळालेलं. कशाला नसती पीडा?

एक करा. खात्याच्या वेबसाइटवर त्या घराचं नाव टाका. भेटींचे अहवाल सगळ्यांना वाचता येतात. टाइप ए म्हणजे रहिवाशाच्या जिवाला किंवा तब्येतीला थेट धोका, टाइप बी त्याखालचं. दोन बी असतील तर घाबरू नका, माझ्याकडेही आहेत.

चकली_इन_एक्झाइल

अवांतर: फ्रीमाँटमध्ये वरण-भात देणारं होम काढाच हो. माझ्या सासूबाई त्यांच्या होममधल्या सूपला कंटाळून अन्न टाकायला लागल्या होत्या. आता रोज डबा पोचवतो.

कोथरूडची_मेट्रन

जुनं खोड काका (काका म्हटलं तर चालेल ना?), किती मनापासून लिहिलंत. नवऱ्याला वाचायला दिलं, तो गप्प झालाय.

अजून एक शंका, हसू नका. मी पुण्यात इन्सुलिन द्यायचे, रायल्स ट्यूबमधून (नाकातल्या नळीतून) फीड द्यायचे, बेडसोअरचं (पडून राहून होणाऱ्या जखमेचं) ड्रेसिंग करायचे. आमच्याकडे महिन्यातून एकदा डॉक्टर यायचे, बाकी मीच. ८० तासांत हे सगळं पुन्हा शिकवतात की अनुभव चालून जातो?

जुनं_खोड

काका चालेल, केस गेलेच आहेत.

हसत नाही, उलट बरं झालं विचारलंत, कारण आपल्याकडून आलेली माणसं नेमकी इथेच अडकतात. यातलं तुम्हाला काहीही करता येणार नाही. आरसीएफई हे दवाखाना नाही, घर आहे. इन्सुलिन रहिवासी स्वतः टोचून घेईल, नाहीतर नर्ससारखी परवानाधारक व्यक्ती येऊन देईल. तुमचे कर्मचारी गोळ्यासुद्धा "देत" नाहीत, घ्यायला "मदत" करतात. त्या मदतीचंही वेगळं प्रशिक्षण आहे, १५ खाटांपर्यंतच्या घरात १० तास, त्यातले ६ जाणत्या माणसाबरोबर प्रत्यक्ष. त्याची परीक्षा पास होईपर्यंत गोळ्यांना हात नाही.

नाकातली नळी, पोटातली नळी, ट्रेकिओस्टोमी (श्वासासाठी गळ्यात पाडलेलं भोक), तिसऱ्या-चौथ्या स्टेजचा म्हणजे खोल गेलेला बेडसोअर असलेला माणूस घरात ठेवायलाच मनाई. प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेलाही तसाच. हॉस्पिसखाली (अखेरच्या दिवसांतली सेवा) किंवा खात्याची खास परवानगी घेऊन काही वाटा निघतात, पण त्या कागदावर आधी, मग खाटेवर. हात बांधणं तर सोडाच, पलंगाच्या अर्ध्या कठड्यालाही डॉक्टरची ऑर्डर लागते.

पहिल्या वर्षी एका आजोबांच्या टाचेवरचा फोड मी घरीच बरा करायला बघत होतो. नियत चांगली होती. दहा दिवसांत तो तिसऱ्या स्टेजला गेला आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. तुमचा हात बसलेला असेल, पण इथे तो हात आवरता यावा लागतो. लाल डाग दिसला की होम हेल्थच्या (घरी येणाऱ्या) नर्सला फोन, डॉक्टरला फोन, वहीत नोंद.

तुमचा अनुभव फुकट जाणार नाही. रहिवाशाने दोन घास कमी खाल्ले हे पहिल्याच दिवशी लक्षात येणारं माणूस मिळत नाही हो कुठे.

टेक्सासचा_टिकोजी

ताई, आधी सहा महिने केअरगिव्हर म्हणून काम करा. थेट साहेब होऊ नका.

जुनं_खोड

टिकोजींना +१. केअरगिव्हरला ४० तासांचं सुरुवातीचं ट्रेनिंग असतं, २० रहिवाशांबरोबर एकटीने काम सुरू करण्याआधी आणि २० पहिल्या चार आठवड्यांत. एखादं घर हे ट्रेनिंग द्यायला टाळाटाळ करत असेल तर समजून जा. आणि अत्याचाराचा संशय आला तर केअरगिव्हरही कळवायला कायद्याने बांधील आहे, "मालकांना सांगितलं होतं" चालत नाही.

कोथरूडची_मेट्रन

अपडेट देतेय, धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा मलाही राग येतो.

अहवाल वाचले. तीन वर्षांत चार टाइप ए. एकात लिहिलंय की ठशांची क्लिअरन्स नसलेली बाई रात्री एकटी ड्यूटीवर होती. दुसऱ्यात, ॲडमिनिस्ट्रेटर कधी येतात हे कर्मचाऱ्यांना सांगता आलं नाही. म्हणजे माझ्याआधीही कुणाचं तरी नावच होतं तिथे.

मालकांना फोन करून नाही म्हणाले. ते म्हणाले, "तुम्ही फार विचार करता." नवरा शेजारीच बसला होता, फोन ठेवल्यावर म्हणाला, कोर्सची फी आपण भरू.

हेवर्डला एका होममध्ये केअरगिव्हरची जागा मिळाली आहे, ठसे देऊन आले. तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटर बाई रोज सकाळी सातला हजर असतात, इंटरव्ह्यूच्या मध्येच उठून एका आजींचा चष्मा शोधून आल्या. ८० तासांची बॅच पुढच्या महिन्यात आहे, शनिवार-रविवार. कुणाकडे जुन्या नोट्स असतील तर व्यनि करा, पोस्टेज मी देईन.

आणि चकलीताई, सासूबाईंचा डबा मऊ असतो ना? गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. सवय जात नाही, काय करू.